कॉमेंट्रीवाला अश्विन

माझा धाकटा भाऊ अश्विन तेराव्या वर्षी पैसे कमवायला लागला, आणि तेही नुसतं बोलून.

आमचं गाव सिंदेवाहीपासून सहा किलोमीटरवर. जानेवारीत धान निघून माणसं मोकळी झाली की आमच्याकडे गावोगावी टेनिस बॉलचे सामने भरतात. मंडप पडतो, भोंगे लागतात, पहिल्या बक्षिसाचा बोकड खांबाला बांधलेला असतो. त्या वर्षी नागभीडहून येणारा कॉमेंट्रीवाला आलाच नाही. भोंग्यांचे मालक इब्राहीमभाई माइक हातात घेऊन वैतागले होते. अश्विन अंगानं इतका बारका की गावच्या टीममध्ये त्याला कोणी पाणी द्यायलाही घेत नसे. तो पुढे गेला आणि म्हणाला, "चाचा, मी बोलू?"

इब्राहीमभाईंनी गंमत म्हणून माइक दिला. पुढच्याच चेंडूला षटकार गेला, आणि भोंग्यातून बासरीसारखा बारीक, धारदार आवाज आला, "अन् हा चालला चेंडू, डायरेक्ट लटारूभाऊच्या तणसाच्या ढिगात! आता फिल्डर आणते का लटारूभाऊचा बैल खाते, पाहू!"

सगळं मैदान हसलं. अंगणवाडीतल्या बायासुद्धा बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

पुढची दोन वर्षं अश्विन इब्राहीमभाईंच्या गाडीत बसून फिरला. सुटीच्या दिवशी इकडे मूल, तिकडे ब्रह्मपुरी. आयोजक गुणवंतराव तर पत्रिकेवरच छापायचे, 'बालसमालोचक अश्विन यांची खास उपस्थिती'. दिवसाचे पाचशे आणि जेवण. आईला ते पैसे घरात लावायचे होते, पण बाबा म्हणाले, "त्याचे आहेत, त्याले खेळू दे. आपल्याले कोणी खेळू देलं होतं?"

आणि अश्विन खरंच खेळण्यावरच खर्च करायचा. महिन्यातून एका रविवारी तो रईस, आयुष आणि आणखी पाच-सहा पोट्ट्यांना गोंदिया-बल्लारशा गाडीत घालून चंद्रपूरला न्यायचा. तिथं हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं मैदान तासावर भाड्यानं मिळतं, चारी बाजूंनी जाळी असलेलं. तिथं बॅटिंग पहिल्यांदा अश्विनची. पैसे त्याचे, म्हणून त्याला कोणी बारका म्हणायचं नाही. मी एकदा सोबत गेले होते. त्याला धड चेंडू लागतही नव्हता. तरी दर चेंडूला तो स्वतःचीच कॉमेंट्री करायचा, "अश्विननं मारला, अन् हुकला!" त्या तासाभरात तो जितका हसला, तितकं हसताना मी त्याला नंतर कधी पाहिलं नाही.

पंधरावं लागलं त्या हिवाळ्यात गुणवंतरावांच्या गावी फायनल होती. शेवटची ओव्हर, नऊ धावा हव्या होत्या. अश्विननं वाक्य सुरू केलं आणि मधेच त्याचा आवाज फाटला. आधी चिरकला, मग एकदम खाली गेला. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. आधी लोकांना वाटलं नक्कल करतोय, म्हणून ते हसले. मग कोणीतरी ओरडलं, "कोंबडा बसला का रे गळ्यात?" तेव्हा मात्र सगळेच हसले. अश्विननं माइक इब्राहीमभाईंच्या मांडीवर ठेवला आणि मंडपामागे गेला.

घरी त्यानं मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, आठ दिवस कोणाशी शब्द बोलला नाही. आई म्हणाली, भोंग्यातल्या आवाजालाच नजर लागली. शेवटी मी त्याला सिंदेवाहीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिला आणि हसून म्हणाले, "काही झालं नाही. मोठा होऊन राह्यला."

"मंग औषध?" अश्विननं विचारलं.

"याले औषध नसते."

"डॉक्टरसाहेब, फेब्रुवारीपर्यंत तरी थांबवता येते का? माझे चार सामने हाये."

डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फी न घेता त्यांनी आम्हाला पाठवलं.

तरीही चार सामन्यांपैकी एकाला इब्राहीमभाईंनी त्याला नेलं. "बोल बेटा, लोक समजून घेतील." लोकांनी समजून घेतलंही. कोणी हसलं नाही. पण कोणी कान देऊन ऐकलंही नाही. दुपारी गुणवंतराव जवळ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आराम कर बाबू." माइक त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. पैसे पूर्ण दिले. तेच अश्विनला जास्त लागलं.

पावसाळ्यापर्यंत आवाज स्थिरावला. जाड, घोगरा, कोणाही पोराचा असतो तसा. शब्द तेच होते, विनोद तेच होते, पण लोक ज्यासाठी थांबत, ते निघून गेलं होतं. पुढच्या हंगामात गुणवंतरावांनी त्याला निरोपच पाठवला नाही.

पोट्टे काही रविवार घरी येत राहिले. रईस म्हणाला, "आपण सगळे मिळून वर्गणी करू ना." आयुषकडे वीस निघाले, बाकीच्यांकडे काहीच नाही. गाडीभाडंही जमेना. अश्विन म्हणाला, "जाऊ द्या. मले आता नाई आवडत ते." ते खोटं आहे हे सगळ्यांना कळत होतं. मग पोट्टे हळूहळू यायचे थांबले. भांडण झालं नाही. कोणाची चूकही नव्हती.

धानाच्या रोवणीत तो माझ्याबरोबर चिखलात उतरला. मजुरी बायांइतकीच मिळाली. त्या पैशांतून त्यानं मोबाइलचं रिचार्ज मारलं, आणि ओट्यावर बसून दिवसभर दुसऱ्यांचे सामने पाहायला लागला, आवाज बंद करून.

"आवाज काऊन नाई लावत?" मी विचारलं.

त्यानं पुढचा सामना लावला, तोही मुकाच.

आता तो घरातही कमीच बोलतो. परवा आई चुलीशी होती. मागून अश्विननं पाणी मागितलं, तशी ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आज लवकर आले?" तिला बाबा आल्यासारखं वाटलं होतं. वळून पाहिलं तर दारात अश्विन. आई हसली. तिनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला. तो उभ्यानंच पाणी प्याला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.