ऑर्फाच्या कुरणातल्या चाकोऱ्या

ऑर्फा टिलटसन नवी नवरी म्हणून नेब्रास्कातल्या आमच्या गावात आली, त्याला त्रेपन्न वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने तिला घरामागच्या कुरणात नेलं. जमिनीत खोल गेलेल्या दोन चाकोऱ्या दाखवून म्हणाला, "पोरी, सव्वाशे वर्षांपूर्वी नव्या जमिनीसाठी पश्चिमेला, ऑरेगनला गेलेल्यांच्या बैलगाड्या इथूनच गेल्या."

तेव्हापासून तिने ते कुरण कुणाला नांगरू दिलं नाही. नवरा एमेट एकदाच म्हणाला, साखरेचं बीट लावू या. "वाटेत पोटची पोरं पुरत गेली ती माणसं, आणि तू तिथे बीट लावणार?" एमेटने पुन्हा विषय काढला नाही.

ऑर्फा शाळेत स्वयंपाक करायची. 'ऑरेगनची वाट' अशी पाटी तिने स्वतः रंगवून कुरणाशी लावली. उन्हाळ्यात लांबून लोक येत. त्यांना दालचिनीचे रोल खाऊ घालून ती त्या माणसांच्या हालअपेष्टा सांगे, आणि दर वेळी डोळे पुसे.

गेल्या वर्षी जुन्या वाटेची मोजणी करणारे आले. जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र घेऊन त्यांच्यातली एक मुलगी तीन दिवस कुरणात हिंडली. मग म्हणाली, "मिसेस टिलटसन, सांगायला वाईट वाटतं. इथे बैलाच्या खुराला ठोकतात तसली एक पत्रीसुद्धा सापडली नाही. या चाकोऱ्या फार तर ऐंशी वर्षांच्या असतील. बीट वाहणाऱ्या गाड्यांच्या. खरी वाट रस्त्यापलीकडून गेली."

रस्त्यापलीकडे माझं मोटारी धुण्याचं दुकान. डांबराच्या कडेला त्यांना मूठभर पत्र्या मिळाल्या. मलाच चोरट्यासारखं झालं.

ऑर्फा मला म्हणाली, "लेलँड, गाडी काढ." आम्ही तिच्या दिराकडे, म्हाताऱ्या ओरिनकडे गेलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं," ओरिन म्हणाला. "बाबांनी नव्या सुनेची थट्टा केली. संध्याकाळी सांगणारच होते. तर तू तिथे रानफुलं वाहून रडत बसलेली! मग तोंड कोण उघडणार?"

"आणि एमेटला?"

"लहानपणी त्याच बिटाच्या गाडीवर बसायचा तो."

"हसायचा का मला?"

"मला तरी कधी दिसला नाही. पण सगळ्यात कसदार तुकडा तो, शेवटपर्यंत पडीक ठेवला त्याने."

एमेटला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता विचारणार कुणाला? परतताना ती म्हणाली, "हे प्रेम म्हणायचं की माझी फजिती, सांग ना."

मग ती माझ्या दुकानासमोर उतरली, पत्र्या निघाल्या तिथे उभी राहिली. पाण्याचे फवारे उडत होते. "इथे मला काहीच होत नाही रे," ती घाबरून म्हणाली.

पाटी तिनेच काढली. पुतण्याला नांगरायला बोलावलं. तो ट्रॅक्टर घेऊन आला, तर हात आडवा करून म्हणाली, "आज ओल जास्त आहे." जमीन कोरडी ठणठणीत होती. या वसंतातही तेच. पुतण्या आता विचारतच नाही.

येणाऱ्यांना ती माझ्याकडे पाठवते. तरी काही जण कुरणातच जातात. ती अडवत नाही, सोबतही जात नाही.

परवा दुकानात येऊन हळूच म्हणाली, "त्या मुलीचं यंत्र चुकलं असेल का रे?"

"असेलही," मी म्हणालो.

"नको, तूही माझं मन राखायला असं बोलू नकोस," ऑर्फा म्हणाली. "आधीच माझं डोकं चालत नाही."