राघूंची नजर

घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या भरवशावर नागपुरातला मक्याचा प्रायोगिक प्लॉट होता. डोळ्यांना चांगल्या अशा जीवनसत्त्वाचा हा नवा, केशरी वाण. राघू हाकलायला एक म्हातारे काका होते. गोफण पाठीमागे लपवून ते दबकत जायचे, तरी राघू आधीच उडायचे. पुढच्या पेरणीचं बियाणं याच कणसांतून घ्यायचं होतं, आणि ते संपत चाललं होतं.

"तुमचा मका खाऊन त्याइचे डोये तेज झाले, साहेब. मले तं राघू अन् पान सारखंच दिसून राहिलं."

"इतक्या लवकर फरक पडत नाही, काका," मी मनापासून समजावलं.

त्यांनी मान डोलावली. राघूंनी अर्धं खाऊन टाकलेलं कणीस उचललं, सगळे दाणे चावून संपवले, आणि गोफण उघडपणे खांद्यावर टाकली.

"आता पाहू, कोण कोणाले आधी पाहते."