वहिनीच्या गाडीतला शेंदूर

वहिनी गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मी तिच्याच अंगणात, तिच्या गाडीवर पडलेला आंब्याचा पाला झाडत होते. घरी आल्यावर तिला गाडी मळलेली दिसली असती तर माझी धडगत नव्हती... फोन ठेवला आणि उरलेला पाला झाडून टाकला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

माझा थोरला भाऊ बोटीवर स्वयंपाकी. वर्षातले बरेच महिने समुद्रात. मिरजोळ्याचं घर, आमच्या आईची आजारपणं, लेकाची, निखिलची शाळा, सगळं वहिनीने ओढलं आणि त्यातच गाडीही शिकली. ‘उद्या देतो’ म्हणत गॅरेजवाला आठवडा काढतो हे दोनदा बघितल्यावर तिने पदर खोचला, पाना विकत आणला आणि इंजिनचे प्लग घरीच बदलू लागली. मी शेजारीच राहते, त्यामुळे स्टूल टाकून बघत बसायचे. एकदा घाई केली तर म्हणाली, “वन्सं, इंजिन गार होऊ द्या आधी. तापल्या कढईत हात घालता काय?” मलाही गाडी चालवायला तिनेच शिकवलं. भाऊ कायमचा घरी आला तरी गाडी शिकला नाही. शेजारच्या सीटवर बसून सूचना तेवढ्या द्यायचा.

ती गेल्यावर तो सकाळचा चहा त्याच सीटवर बसून घेऊ लागला. गाडी अंगणातच उभी, दार उघडं, आणि हा समोर बघत... गाडी आधीपासूनच आचके देत होती, आता तर सुरूच होईना. मुंबईहून निखिलचा फोन आला. म्हणाला, बंद गाडी ठेवून काय करायचंय आत्या, रविवारी येतो आणि भंगारात देऊन टाकतो. मला राग आला. माणूस गेलं ते गेलं, आता ह्याची बसायची जागाही न्यायची? रविवारच्या आत गाडी सुरू करायची असं मी ठरवूनच टाकलं.

वहिनीने आणून ठेवलेले नवे प्लग गाडीतच होते. तीन प्लग, तीन तारा. तिन्ही तारा एकदम उपसल्या. त्यांच्या रबरी टोप्यांवर दसऱ्याच्या पूजेचा शेंदूर होता. आधी नमस्कार केला, मग फडक्याने खसाखसा पुसून काढला. जुने प्लग काजळीने काळे झालेले. नवे आधी हातानेच फिरवले, शेवटी पान्याने जरासे आवळले, अगदी तिच्यासारखे. तारा हाताला आल्या तशा खोचल्या. चावी फिरवली तर गाडी थरथरली, फटफटली आणि गप्प झाली.

“राहू दे गो सुमे,” सीटवरून भाऊ म्हणाला.

राहू कसं देणार? पुन्हा वाकून बघितलं. इंजिनवर, प्लगांच्या शेजारीही शेंदूर होता. इथे एक ठिपका, पुढे दोन, त्यापुढे तीन. देवाला कोणी मोजून शेंदूर लावत नाही... कुठली तार कुठे जाते त्याच्या त्या खुणा होत्या, आणि आम्ही घरदार इतकी वर्षं त्यांना हात जोडत होतो! हसू आलं आणि त्याच्यामागून रडू. टोप्यांच्या खाचांत, फडकं पोचलं नव्हतं तिथे, लाल उरलं होतं. ते ठिपके मोजून, इंजिनवरच्या खुणांशी जुळवून एकेक तार जागेवर बसवली. आता इंजिन सुरू झालं, आणि सुरूच राहिलं.

मी स्टिअरिंगमागे बसले. भाऊने चहाचा कप खाली ठेवला, पट्टा ओढून घेतला.

“हळू घे हां,” तो म्हणाला. “ती आधी आरसा बघते.”

मी आधी आरसा बघितला.

रविवारी निखिलला आणायला आम्ही दोघं गाडी घेऊनच स्टेशनवर गेलो. तो गाडीकडे बघतच राहिला, मग बॅग मागे टाकून बसला. भंगाराचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

संध्याकाळी तेलात शेंदूर कालवून मी पुसलेले ठिपके पुन्हा दिले. एक, दोन, तीन. हात धुतले तरी नखात थोडा लाल राहिलाच. तो मी काढत बसले नाही.