मुळांसकट कोथिंबीर

निमगाव केतकीच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या त्या म्हातारीचं नाव मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. जुडीची मुळं मोडायची आणि गुडघ्याखालच्या फडक्यात जपून ठेवायची, ही तिची सवय.

खत कंपनीनं आम्हा दुकानदारांना बँकॉकला नेलं होतं. तिथं रस्त्यावर काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मटण खाल्लं आणि वेडा झालो. बायको ते घरात येऊ देईना, म्हणून शेतात चूल मांडली. लसूण, मिरी, गूळ, नारळाचं दूध, जुड्याच्या जुड्या कोथिंबीर. तरी तो वास येईना.

"एवढ्या कोथिंबिरीचं करता काय, दादा?" म्हातारीनं एकदा विचारलं. मी सगळं सांगितलं.

"पाल्यानं काय हुतंय? मुळं ठेचून घाला. आमी मटणात तीच घालतो. पाला इकायला असतोय."

तिनं फडक्यातली मूठभर मुळं माझ्या पिशवीत टाकली.

त्या दिवशी तोच वास आला, आणि माझा असा जळफळाट झाला की घास गोड लागेना. मी विमानानं जाऊन जे शोधलं, ते हिच्या चुलीवर नेहमीचंच!

"कुठं शिकलास रं?" मित्रांनी बोटं चाटत विचारलं.

"बँकॉकला," मी म्हणालो.

हल्ली कोथिंबीर मी दुसऱ्या बाईकडून घेतो. मुळांसकट.