धोट्याची सोबत

तेरा नोव्हेंबर १९९५, सोमवार, सकाळचे आठ. आमच्या सोसायटीच्या मागे असलेल्या मागांच्या कारखान्यांना त्या दिवशी आठवड्याची सुटी होती. मास्तर माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि बोलण्याआधी त्यांनी तळवा भिंतीला लावला. भिंत गप्प होती. हात काढून ते म्हणाले, "बंद शे, साहेब. आजच जावं लागी."

ही त्यांची सवय होती. आमच्या उधन्यात, गुजराती मुलखातल्या या कापडवस्तीत, मागांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मास्तर म्हणतात. अमळनेरकडून आलेल्या या मास्तरांचे उभे आयुष्य त्या खडखडाटात गेले आणि कान कायमचे गेले. माग चालू आहेत की नाहीत, हे ते भिंतीवरून ओळखत. तळव्याला थरथर लागली की म्हणत, "चालू शे. मंग भ्याव कसानं?" चालू आहे, मग भीती कशाची. आजारी माणसाला भेटायला गेले तरी हाच हात आणि हेच वाक्य. आपणही अशी एकवाक्यी माणसे पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी. कुत्र्यांशी माझा संबंध तक्रारीपुरता. मास्तरांचा आणि माझा परिचय त्या तक्रारींतूनच वाढला.

त्यांच्या कुत्र्याचे नाव धोटा. मागावरचा धोटा जसा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, तसा तो अंगणात धावत असे. चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या दिवसांत कारखाने एकाएकी बंद झाले. कामगार मिळेल त्या गाडीने खानदेशात गेले. मास्तर राहिले. कारखान्याचे कुलूप पुन्हा उघडले तेव्हा मागाखाली सुताच्या कचऱ्यात हे एक पिल्लू जिवंत सापडले. त्याची आई नव्हती, भावंडे होती पण निष्प्राण. मागांच्या आवाजात जन्मलेल्या त्या जिवाने पहिली शांतता ऐकली ती अशी.

पुढे तो धडधाकट झाला. फटाक्यांना, ट्रकच्या हॉर्नला तो भीत नसे. भीत असे तो शांततेला. सुटीच्या सकाळी माग थांबले की त्याचे कान मागे जात, अंग कापू लागे, तोंडाला फेस येई. मग तो दार ओरबाडी, साखळीला हिसके देई आणि असे रडे की गल्लीतली माणसे दारे लावून घेत. लोक म्हणत, कुत्रा वेडा आहे. मला तसे वाटत नसे. ती शांतता आम्ही सर्वांनीच ऐकली होती. नाकाला रुमाल बांधून, शेजारच्या घरात कोणी खोकले तर श्वास रोखून ऐकली होती. तिच्याविषयी नंतर कोणी बोलले नाही. कुत्रा बोलत होता, इतकेच.

मास्तरांनी यावर उपाय ठरवला. "एकला जीव भ्यास," ते म्हणाले. "धोट्याले सोबत पायजे."

सोबत निवडताना त्यांच्याकडून चूक झाली, आणि ती मागावर जन्म काढलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. शेजारच्या कारखान्यात एक कुत्री व्यायली होती. तिची पिल्ले त्यांनी एकेक करून चालत्या मागाजवळ धरली. जे दचकले नाही, ते उचलले. चांगला माग जसा आवाजात पारखतात, तसे पिल्लूही आवाजात पारखले. वर भाकरीचा तुकडा दिवसभर स्वतःच्या काखेत धरून त्याला चारला. ज्याच्या घामाची भाकरी खाल्ली त्याला जनावर सोडत नाही, अशी त्यांच्याकडची समजूत. मला मोठ्या समाधानाने त्यांनी सांगितले, "पोरगं धीट शे, साहेब."

पोरगे धीट होते, पण आवाजात. पहिल्या सुटीला धोटा कापू लागला, ते पाहून पिल्लूही कापू लागले. भाकरीच्या गुणाने ते मास्तरांच्या पायांशिवाय कुठे थांबेना आणि धोट्याकडून ते एकच गोष्ट शिकले. दुसऱ्या सुटीला दोघे मिळून रडले. तिसऱ्या सुटीला समोरच्या घरातल्या गुजराती बेन दार लावायला आल्या, तेव्हा धोट्याने घाबरून त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला.

बेननी आरडाओरडा केला नाही. सरकारी दवाखान्यातून पट्टी बांधून आल्या आणि मास्तरांना दिसेल असे समोर उभे राहून सावकाश बोलल्या, "मास्तर, आजे मारो हाथ. काले कोई छोकरानुं गळुं." आज माझा हात, उद्या एखाद्या पोराचा गळा. मास्तरांनी ओठ वाचले आणि मान खाली घातली.

सोसायटीचा निर्णय मी सांगितला. पिल्लू परत जावे. धोट्याला एक संधी. पुन्हा असे झाले तर त्याला टेम्पोत घालून लांब समुद्राकाठी हजीऱ्याकडे सोडून यायचे. निर्णय योग्य होता. मास्तरांनी तो माझ्या तोंडाकडे पाहून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि विचारले, "तठे रातले माग चालतस का?" तिथे रात्री माग चालतात का. 

तर त्या सोमवारी ते माझ्या दारात आले होते. कडोदऱ्यापलीकडे उसाच्या शेतावर एक कुटुंब शेळ्या राखते, त्यांच्याकडे कुत्री आहेत, असे त्यांना कळले होते. "तुम्ही या, साहेब. मले ऐकू येत नही. माणूस काय बोलस ते तुम्ही ऐका." पिल्लू परत गेले होते; बरोबर धोटा होता, दोरीला बांधलेला, कापत. या वेळी निवड त्याने करायची होती.

ओळखीच्या टेम्पोत आम्ही मागे बसलो. इंजिनाच्या घरघरीत धोट्याचे कापणे थांबले. मास्तरांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती. ती त्यांनी या वेळी काखेत धरली नव्हती. रात्रभर धोट्याच्या अंगाखालच्या गोणपाटात ठेवली होती. मी कारण विचारले. "मनाकरता नही," ते म्हणाले, "त्यानाकरता शे." माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे. मी धोट्यापासून जितके दूर बसता येईल तितका दूर बसलो होतो.

टेम्पो हायवेवरून आत वळला आणि आवाज मागे राहिला. शेतात वारा नव्हता, पंप बंद होता. शेळ्या राखणारी बाई गोठ्यातून बाहेर आली. चार पिल्ले धोट्याभोवती नाचू लागली. त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्याचे कान मागे गेले, तोंडाला फेस आला. मी मास्तरांना हाताने खुणावले, तोवर दोरी त्यांच्या हातातून निसटली होती.

धोटा हायवेकडे धावला. तिथे आवाज होता. आपल्याला अपघाताचे ठिकाण दिसते, त्याला ते घर वाटत होते. मास्तर त्याच्यामागे धावले. उसाच्या पलीकडून ट्रक एकामागून एक जात होते, हॉर्न वाजत होते, आणि त्यातला एकही त्या माणसाला ऐकू येत नव्हता. मी हाका मारल्या. बहिऱ्या माणसाला हाका मारणे व्यर्थ आहे हे मला ठाऊक होते. तरी मारत राहिलो.  एका सकाळी मी दोन जीव गमावणार, एवढेच डोक्यात होते. त्यातला एक कुत्र्याचा, हे तेव्हा मनात आले नाही.

गोठ्याच्या सावलीत एक थोराड तांबडी कुत्री पडली होती. पिल्लांच्या गडबडीत तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. ती उठली. बाईने तिला हाक मारली नव्हती. चुकार शेळीला जसे वळवतात, तसा लांबचा वळसा घेऊन ती धोट्याच्या पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला आडवी उभी राहिली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत. धोटा थांबला. तिने त्याला हुंगले आणि तिथेच, धुळीत, बसली. थोड्या वेळाने तोही तिच्या कुशीला टेकून बसला. आजूबाजूला आवाज होता म्हणून बसला की ती होती म्हणून, हे तेव्हा सांगता आले नसते.

मी पोहोचलो तेव्हा मास्तर रस्त्याकडेच्या चरात बसले होते.  त्यांनी तळवा धोट्याच्या बरगड्यांवर ठेवला, मग तांबडीच्या, मग स्वतःच्या छातीवर. म्हणाले, "चालू शे." पुढचे वाक्य त्यांनी म्हटले नाही.

परत शेतात येईपर्यंत आवाज मागे पडला. धोटा कापत होता, पण तिच्या अंगाला अंग लावून चालत होता. मी बाईला विचारले, ही द्याल का? ती म्हणाली, "कूतरी वेचाती नथी. एने आववुं होय तो लई जाओ." कुत्री विकायची नसते, तिला यायचे असेल तर न्या. मास्तरांनी फडके सोडून भाकरी जमिनीवर ठेवली. तांबडीने ती हुंगली, धोट्याला हुंगले, पुन्हा भाकरी हुंगली आणि सावकाश खाल्ली. टेम्पोत ती स्वतःहून चढली. येताना मला तिच्या शेजारी बसावे लागले. जागा नव्हती.

मास्तर पुढे गावी गेले ते दोघांना घेऊनच. तिकडून कळले की आधी तांबडी गेली, मग मास्तर. धोट्याचे काय झाले, हे सांगणारा कोणी राहिला नाही. मागच्या कारखान्यांत आता नव्या तऱ्हेचे, धोट्याविना चालणारे माग आहेत. सुटीच्या सकाळी मी चहा घेण्यापूर्वी भिंतीला हात लावतो. माझे कान अजून चांगले आहेत.

त्या सोमवारी संध्याकाळी गल्ली शांत होती. बेन पट्टीचा हात पदराखाली धरून ओट्यावर उभ्या होत्या. मीही होतो. आम्ही सारे धोट्याच्या रडण्याची वाट पाहत होतो. अंगणात तांबडी झोपली होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून धोटा जागा होता. अधूनमधून त्याचे अंग शहारे, मग थांबे. रडला नाही. अंधार पडण्यापूर्वी मास्तर बाहेर आले, त्यांनी धोट्याच्या गळ्यातली साखळी सोडली आणि ती घेऊन सार्वजनिक नळाकडे गेले. तिथली बादली नेहमी चोरीला जात असे. तशी तक्रार माझ्याकडे होती. साखळीचे एक टोक त्यांनी बादलीच्या कडीत अडकवले, दुसरे नळाच्या पाइपाला गुंडाळून पक्के केले, दोनदा ओढून पाहिले आणि घरात गेले.