खालाने सोडलेली गाठ

बियाण्याची पिशवी हातात आली की मी आधी तिच्यावरचा लॉट नंबर बघतो. शेतकी कॉलेजात लागलेली सवय – जे दिसेल ते तपासायचं. अमावास्येला पेरणी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी दुकानात उभं राहून वाद घातलेत. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो...

मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्याचा. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, माझं बी-बियाणं आणि खतांचं छोटं दुकान आहे. वडील त्याच मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी, आणि त्यात आईवडिलांइतकाच वाटा भिंतीपलीकडच्या रशीदाखालाचा आहे.

खालाचे मियाँ ट्रक चालवायचे. त्यांनी सगळा मुलूख पाहिला, खाला मात्र जालन्याच्या पुढे गेली नाही. ते परत आले की ती त्यांना जेवायला वाढायची आणि विचारत बसायची – वहाँ की रोटी कैसी? पानी कैसा? औरतां सर पे क्या लेते? मियाँ वारले, आणि मग हे प्रश्न माझ्या वाट्याला आले.

मी कुठेही निघालो की खाला माझ्या उजव्या दंडावर इमाम जामीन बांधायची. म्हणजे हिरव्या कापडाच्या पट्टीत एक रुपया गुंडाळायचा आणि ती पट्टी प्रवाशाच्या दंडाला बांधायची. माणूस सुखरूप पोहोचला की तो रुपया गरिबाला द्यायचा. आमच्याकडे त्यात एक भर पडली होती. तो रुपया माझी आई द्यायची – हळदकुंकू लावून. खाला हसायची, "अच्छा है, तेरा भगवान बी साथ में जाता." आणि खालाचा स्वतःचा एक कायदा होता. गाठ मी सोडायची नाही. मी परत आल्यावर तीच सोडणार, नखाने उचकून, हळूहळू. "ठैर. हिल नक्को."

माझं दहावीचं सेंटर हाकेच्या अंतरावर होतं, तरी तिने इमाम जामीन बांधला होता.

आई म्हणाली, "रशीदाबी, पोरगं परीक्षेला चाल्लंय, परदेशी न्हाई."

"परदेस बी जाएगा मेरा बाबू. तू देख."

गेल्या वर्षी खरंच परदेशी जायची वेळ आली. एका कंपनीने माल जास्त विकणाऱ्या दुकानदारांना उझबेकिस्तानची सहल दिली – ताश्कंद, समरकंद, बुखारा. तेव्हा खाला अंथरुणाला खिळलेली होती. हृदय थकलंय, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते. मी नाव काढून घेणार होतो. तिला कळलं, तर तिने बोलावून घेतलं.

"बुखारा... बचपन में अब्बा किस्से सुनाते थे वहाँ के. तू जा. बराबर देख. आके मेरे को सुना."

"खाला, तुमची तब्येत..."

"मैं कहीं नै जाती. मेरे बगैर तेरी गाठ कौन खोलेगा?"

बांधताना पट्टी तिच्या बोटांतून निसटत होती. शबानाभाभी, म्हणजे तिची सून, मदतीला वाकली, तर खालाने तिला कोपराने बाजूला सारलं.

रुपया पट्टीत होता याला साक्षीदार आहे. दिल्लीच्या विमानतळावर तपासणीत दंडापाशी मशीन वाजलं. जवानाने बोटांनी चाचपून पाहिलं, मी समजावू लागलो, तर तो म्हणाला, "पता है भाई. हमारे यहाँ भी दादी बाँधती थी. जाओ."

सहल मजेत चालली होती. घनसावंगीचा गजानन माझा रूम पार्टनर. त्याने बॅगभर ठेचा आणि धपाटे आणले होते, समरकंदच्या निळ्या घुमटांसमोर उभा राहून तो तेच खात होता. मी मात्र खालासाठी बघत होतो. तिथली गोल, जाड रोटी, तिच्या मधोमध ठसा असतो. बायका डोक्याला रुमाल मागून बांधतात. चहा वाटीत देतात. हे सगळं मनात रचून ठेवत होतो, तिला कुठल्या क्रमाने सांगायचं ते.

बुखाऱ्यात एक जुना हौद आहे, कडेने तुतीची म्हातारी झाडं. दुपारी जेवण झाल्यावर मी पायरीवर बसलो होतो. ऊन लख्ख होतं. गजानन शेजारी बसून व्हिडिओ काढत होता.

आणि माझ्या उजव्या दंडावर कुणीतरी गाठ उचकायला लागलं.

हे मी वाऱ्यामुळे म्हणू शकत नाही, किड्यामुळे म्हणू शकत नाही. नखाचं टोक... थोडं थांबणं... पुन्हा नख. ही बोटं मी लहानपणापासून ओळखतो. मी आपोआप हात लांब करून स्थिर धरला, जसा तिच्यापुढे धरायचो. भीती वाटली नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं. मग पट्टी सैल झाली.

"काय रं, हात धरून काय बसलास?" गजानन म्हणाला.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, वरून जॅकेट. हॉटेलात जाऊन सगळं उतरवलं. पट्टी कोपरापर्यंत घसरली होती. गाठ सुटलेली – फाटलेली नव्हे, सुटलेली. कापडाच्या आत कुंकवाचा गोल डाग. रुपया नाही. गजाननने माझा शर्ट झटकला, बनियन झटकली.

"पडला असंल कुठंतरी. रुपयाच तं हाय! मी देतो दुसरा, चल."

संध्याकाळी वायफाय मिळालं आणि मोबाइलवर सलीमभाईंचा – खालाच्या मुलाचा – मेसेज आला. अम्मी दुपारच्या नमाजनंतर गेली. मी घड्याळांचा हिशेब लावला नाही. लावायची हिंमत झाली नाही.

मी घरी पोहोचलो तोवर मातीला दिवस उलटून गेले होते. बॅगेत खालासाठी आणलेली रोटी होती, दगडासारखी झालेली. ती घेऊन मी तिच्या घरी गेलो. पट्टीचं अजून कुणालाच बोललो नव्हतो. मला पाहताच शबानाभाभी रडायला लागल्या. मग म्हणाल्या,

"अम्मी सो रहे थे. एकदम आँख खोले, बोले – आ गया बाबू? हाथ इधर कर. हिल नक्को. और हवा में ऐसा ऐसा करने लगे..."

भाभींनी बोटं हलवून दाखवली. तेच नख, तेच थांबणं.

"फिर मुट्ठी बाँध लिए. गुस्ल के वक्त खुली."

फडताळातून त्यांनी कागदाची पुडी आणली. आत रुपया होता, त्यावर हळदकुंकू. मयताला अंघोळ घालणारी आपा कुंकू पाहून बावरली होती म्हणे.

मी खिशातून पट्टी काढली आणि शेजारी ठेवली. आईला बोलावलं, तिने रुपया हातात घेतला नाही, नुसता वाकून पाहिला. "म्या एकच देल्ता. तुह्या दंडावर बांधाया. त्याच्यानंतर म्या कुकू लावून रुपया दिलाच न्हाई कुनाला."

मी आणि सलीमभाई कब्रस्तानात गेलो. मातीजवळ बसून मी रोटीचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं, तुतीच्या झाडांचं सांगितलं. सलीमभाई मधेच म्हणाले, "पानी कैसा था, वो बोल. वो जरूर पूछती थी." मी पाण्याचंही सांगितलं.

फाटकाशी एक म्हातारा बसलेला असतो. रुपया त्याला द्यायचा होता, पण माझा हात पुढे होईना. सलीमभाईंनी तो माझ्या मुठीतून सोडवून घेतला, म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाले, "दे दिया. दोनों पहुँच गए, समझ."

मी हे अनेकदा तपासून पाहिलं, लॉट नंबर तपासावा तसं. शर्टाच्या बंद बाहीतून एक रुपया मंठ्यापर्यंत कसा गेला याचं उत्तर माझ्या शिक्षणात नाही, सलीमभाईंच्या मौलवींकडेही नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर जरूर सांगा.

आता मी बाहेरगावी निघालो की आई अजूनही रुपयाला कुंकू लावते. लावते, आणि सवयीने भिंतीपलीकडे हाक मारायला तोंड उघडते. मग तो रुपया तसाच हातात धरून उभी राहते.