प्रॉस्पेक्टसमधली माझी आई

बिरवाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत रविवार फार लांबायचा. चाळीतले बाकीचे भाडेकरू कंपन्यांमधले कामगार. रात्रपाळी करून आलेले झोपलेले असत, उरलेले गावाला गेलेले. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायचे. शनिवारी निघताना कुणाला तरी ‘येते’ म्हटलं की सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायची वेळ येत नसे. अशाच एका रविवारी फोनवर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं प्रॉस्पेक्टस उघडलं आणि दुपारभर वाचत बसले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा इथल्याच महाड एमआयडीसीत कामाला होते आणि पत्रकं लिहायचे. ठेकेदाराच्या कामगारांना हातमोजे का नाहीत, ओढ्याच्या पाण्याला वास का येतो, असल्या विषयांवर. महाडच्या प्रेसमधून गठ्ठे घरी आले की आई आणि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो. घडी घालण्याआधी आई एक प्रत मोठ्यानं वाचायची. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला लागले ती तिच्या बोटामागून, ‘बंधू-भगिनींनो’पासून. बाबांचा एक नियम होता: खाली आपलं नाव छापायचं, आणि नाव छापायचं तर वरचं प्रत्येक वाक्य खरं पाहिजे. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली.

त्यामुळे प्रॉस्पेक्टस हेही पत्रकच आहे, घोषणांच्या जागी हसरे फोटो, हे मला पहिल्याच पानावर कळलं होतं. पत्रकाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, तेही ठाऊक होतं. तरी वाचत राहिले. राहायला खोलीची हमी. विमानतळावर न्यायला माणूस. रात्रभर उघडं ग्रंथालय. नाटकापासून डोंगर चढण्यापर्यंत कसली कसली मंडळं. घरची आठवण येऊन त्रास झाला तर बोलायला समुपदेशक. आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक जुना विद्यार्थी सोबती म्हणून. तो सुरुवातीचे काही आठवडे तुमच्याबरोबर जेवायला येईल, असं लिहिलं होतं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी पातेल्यातूनच भात खात होते.

पर्यावरण आणि कायदा या विषयासाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत त्यांनी घरची चौकशी केली. आई चौथीपर्यंत शिकली, शेती करते, शेरडं राखते, असं मी सांगितलं. नंतर मेल आला. फी, राहणं, सगळं देऊ. मात्र ज्याला शिष्यवृत्ती त्याची गोष्ट पुढच्या प्रॉस्पेक्टसमध्ये जाते, प्रथमपुरुषी, त्याच्या नावानं. कच्चा मजकूर सोबत जोडला आहे, मान्य असल्यास कळवावं.

त्या मजकुरात मी एका अशा वस्तीत जन्मले होते जिथे रस्ता पोचत नाही. माझी आई निरक्षर होती. वाचायला शिकलेली मी घरातली पहिली.

मी एसटी पकडून घरी गेले. आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला. आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. शेजारचे काका पायरीवर बसले होते.

“आली बघा विलायतवाली,” काका म्हणाले. “काय गो, तिकडं नाचणीची भाकरी भेटते काय?”

“तुम्ही पाठवा, मी खाते,” मी म्हटलं आणि मजकूर मराठीत करून वाचायला लागले.

“रस्ता नाय?” आई हसली. “मग तू काय उडत आलीस?”

“पावसात दरड आली की नसतोच की,” काका म्हणाले. “खोटं काय हाय त्यात?”

दोघंही हसत होते. पुढचं वाक्य मी खालच्या आवाजात वाचलं. काकांनी आईकडे पाहिलं, मग उठून शेरडांकडे निघून गेले.

“निरक्षर म्हंजे अडाणीच ना?” आईनं विचारलं.

“हो.”

“लिवू दे.”

“आये, मला वाचायला तू शिकवलंस.”

“लिवू दे म्हणते ना. त्यांनी लिवलं म्हणून माझ्या डोळ्यातली अक्षरं पुसली जातात काय? ते तिकडं, मी इकडं. कोण येतंय बघायला?”

“खाली नाव माझं असणार.”

“हां. बापाचंच बोललीस.” तिनं शेंगांची सालं सुपाबाहेर लोटली. “त्यानं आख्ख्या एमआयडीसीला पत्रकं वाटली. गेला तवा खांदा द्यायला वाडीतलीच माणसं होती. त्या कंपन्यांतनं कोण आलं? सांग ना. त्या खोलीत तू एकटी कशी बसतेस ते मला कळत नाय, असं नको समजू. तू जा गो बाय. अडाणी तर अडाणी.”

तिचं म्हणणं मला कळत होतं, आणि तेच मान्य नव्हतं. दुसऱ्यानं आपल्या आईबद्दल खोटं लिहावं आणि त्याखाली आपण सही करावी, तीही सोबत मिळावी म्हणून? माझ्या सहीनं तिचं वाचन पुसलं जाणार होतं. तिचं तिला काही वाटो वा न वाटो.

बिरवाडीला परतून मी मजकूर नव्यानं लिहिला. रस्ता आहे, पावसाळ्यात दरडी कोसळल्या की अडतो. आई वाचते. मी तिच्याकडून शिकले, पत्रकं वाचत. जेवढी जागा होती तेवढीच वापरली, आणि पाठवून दिलं.

तिकडे प्रॉस्पेक्टसचं काम बघणाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला. बाई वाईट नव्हत्या. माझा मजकूर सुंदर आहे म्हणाल्या. “पण वाचणाऱ्याला तुमचा प्रवास दिसला पाहिजे.”

“पोलादपूर ते महाड, महाड ते तुम्ही,” मी म्हटलं. “कमी आहे का?”

त्या मनापासून हसल्या. “आईंना अल्पशिक्षित म्हणू या?”

“वाचणारी म्हणा. वाचते ती.”

समितीला विचारते, म्हणाल्या. मग मेल आला. तुमची जागा कायम आहे, शिष्यवृत्ती मात्र यंदा दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली आहे, तिची गोष्ट या वर्षीच्या प्रसिद्धी मोहिमेत अधिक बसते. शिष्यवृत्तीशिवाय त्या जागेचं आम्ही काय करणार होतो?

आईला फोनवर सांगितलं. “बरं,” ती म्हणाली. मग, “जेवलीस?” त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त शेरडांबद्दल बोलली. कोणती व्यायली, कोणती लंगडते. पुढच्या खेपेला काका फाट्यावर भेटले. “तुझी आई म्हणते, पोरगी बापावर गेली. चांगलं म्हणते का वाईट, काय कळत नाय बघ.” मलाही कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बरोबर असलं म्हणजे कुणी जेवायला येतं असं नाही.

नवं प्रॉस्पेक्टस आलं तेव्हा मी ते उघडलंच. आतल्या पानावर कुठल्याशा दुसऱ्या देशातली मुलगी होती, मागे डोंगर. वस्तीला रस्ता नाही, आई निरक्षर, घरात वाचणारी ती पहिली. वाक्यंसुद्धा जवळपास तीच. खाली एक बटण होतं: या विद्यार्थिनीशी बोला. रविवार होता. मी बटण दाबलं, अभिनंदन लिहिलं, आणि मग विचारलं, “तुझी आई वाचते का?”

तिकडून काहीतरी लिहिलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा लिहिलं जात होतं. शेवटी आलं, “हे चॅट ऑफिसातही वाचतात.” आणि लगेच खाली, “आपल्याला कोणत्या अभ्यासक्रमाची माहिती हवी आहे?”

कोणत्याच नाही, असं मी लिहिलं. तिकडे थंडी फार आहे का, विचारलं.

“फार,” तिनं लिहिलं. मग आम्ही दोघी बराच वेळ थंडीबद्दलच बोलत राहिलो.